कबरस्तानातली हलगी

शनिवारी दुपारी सव्वाचारच्या एसटीने माझे वडील हलगी घेऊन गावात उतरले. स्टँडपासून आमच्या घरापर्यंतचा रस्ता भर बाजारातून जातो. त्यांनी ती पिशवीत घातली नव्हती, पंच्यात गुंडाळली नव्हती. खांद्याला अडकवून उघडी आणली. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता.

आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर. मी तेव्हा पुण्याला एका दैनिकात होते आणि उत्तम शुक्रवारला, म्हणजे गुड फ्रायडेला, जोडून दोन दिवसांची रजा घेऊन आले होते.

"हे काय?" आईने विचारलं.

दादांनी ओठ हलवले.

"हे म्हणतात, हलगी आहे," आई मला म्हणाली. "जशी मला ती परात वाटली होती."

दादा हसले. म्हणजे त्यांचे खांदे हलले आणि गळ्यावर बांधलेला मलमलचा रुमाल फडफडला. आदल्या वर्षी पुण्याला त्यांचं ऑपरेशन झालं होतं. गाठ स्वरयंत्रात होती, म्हणून स्वरयंत्रच काढलं. श्वासासाठी गळ्याच्या खालच्या बाजूला भोक ठेवलं होतं, त्यावर तो रुमाल. आवाज कायमचा गेला. ते ओठांनी बोलायचे आणि आई ते वाचून आम्हाला सांगायची. सांगताना पदरचंही घालायची. दादा रागाने मान हलवायचे, मग आई म्हणायची, "बरं बरं, एवढं नव्हते म्हणाले."

दादा मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते, पण गावात त्यांना कुणी कंपाउंडर म्हणत नसे. शमुवेल आल्हाट म्हणजे आमच्या मंडळीचा गळा. लग्न, मयत, नाताळ, कापणीचा सण, काहीही असो, पहिलं कडवं दादा उचलणार आणि मग बाकीची मंडळी. मंडळी म्हणजे आमच्या देवळाचे, चर्चचे, सगळे सभासद. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

ऑपरेशननंतर ते एकदाच देवळात गेले. पहिलं गाणं सुरू झालं, ते पुस्तक उघडून उभे राहिले आणि दुसऱ्या कडव्याला खाली बसले. त्यानंतर दर रविवारी ते आईला फाटकापर्यंत सोडायचे आणि स्वतः समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचे. आतली गाणी बाहेर ऐकू यायची. उपासना सुटली की आईला घेऊन घरी. चौदा महिने त्यांनी देवळाची पायरी चढली नाही. आईला ते एवढं लागलं होतं की ती त्याबद्दल थट्टासुद्धा करत नसे.

नवे पाळकसाहेब त्यांना त्या टपरीवरच भेटले. रेव्हरंड अनुग्रह हिवाळे. वय बत्तीस, सोलापूरकडचे, मोटारसायकलवर फिरणारे. ते दादांशेजारी बसले, कटिंग मागवला आणि म्हणाले, "काका, देवाची भक्ती गाऊनच करायची असं शास्त्रात कुठं लिहिलंय ते मला दाखवा. मी आत्ता पुस्तक मिटतो."

दादांना दाखवता आलं नाही. मग पाळकसाहेबांनी तो विषय सगळ्या मंडळीपुढेच घेतला. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी, न गाता भक्ती कशी करायची याचा एक प्रकार. नुसता सांगायचा नाही, करायचा.

"अगं, काय काय झालं तुला सांगते," आई तांदूळ पाखडत म्हणाली. "पहिल्या शुक्रवारी गुडघे. सगळ्यांनी गुडघे टेकले. उठताना पाटोळेबाईंना दोघींनी ओढून काढलं. पुढच्या शुक्रवारी हात वर. आता आमच्यात कुणाला सवय आहे? हात वर करायचे ते हॉलवाल्यांनी, भाड्याच्या हॉलात ओरडून प्रार्थना करतात त्या नव्या पंथाच्यांनी. आमचे पंच असे उभे, जसं काही पोलिसांनी हात वर करायला सांगितलंय. मग टाळ्या झाल्या. मग शांतता. शांततेला सगळ्यांना खोकला आला. आणि एकदा पालथं पडून दंडवत. त्या दिवशी बर्नबाभाऊजी निघून गेले. म्हणाले, माझी कंबर दुखते."

"आणि दादा?"

"हे सगळ्या शुक्रवारी टपरीवर. उत्तम शुक्रवारच्या आदल्या शुक्रवारी पाळकसाहेबांनी दावीद राजाचं सांगितलं. देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, तो कोश, नगरात आणला तेव्हा राजा असून कसा रस्त्यात नाचला, बायकोनं खिडकीतून बघून कसं नाक मुरडलं. आणि डफाचं सांगितलं, मोशेच्या बहिणीनं, मिर्यामेनं, समुद्र ओलांडल्यावर वाजवला तो. ते भोंग्यावर बाहेर ऐकू गेलं. घरी येताना हे म्हणाले, मी ईस्टरला आत येतो."

ती थांबली. "मी म्हटलं या की. वाजवणार काय, हे मी विचारलंच नाही."

आमच्या मंडळीत सत्तर-ऐंशी घरं. बहुतेकांचे आजे-पणजे मांगवाड्यातून आलेले. बाप्तिस्मा घेतल्यावर त्या पिढीने सर्वांत आधी काय सोडलं असेल, तर ती हलगी. गावाच्या लग्नात, गावाच्या जत्रेत, गावाच्या मयतापुढे बोलावलं की जाऊन वाजवायची, नाही म्हणायची सोय नाही, ती हलगी. देवळात पेटी आली, तबला आला, मागच्या वर्षी कीबोर्ड आला. हलगी आली नाही. तसा कुणी ठराव केला नव्हता. ठरावाची गरज नव्हती.

दादांनी ती आमच्या मूळ गावाहून, घोगरवाडीहून आणली होती. तिथे आमच्या भावकीतला ज्ञानू अजून वाजवतो. तो ख्रिस्ती झालेला नाही.

दिवेलागणीला बर्नबाकाका आले. दादांचे थोरले भाऊ, पाच वर्षांनी मोठे. निवृत्त हेडमास्तर, मंडळीचे मुख्य पंच. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले काळे बूट. काका आमच्या घरात कधी बूट काढून आले नाहीत आणि आईने त्यांना कधी तसं सांगितलं नाही. ते खुर्चीवर बसले. हलगी समोर खुंटीला होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "सलाम. शमू, तुझा गळा गेला, डोकं शाबूत आहे ना?"

दादांनी ओठ हलवले.

"हे म्हणतात, चहा घ्या," आई म्हणाली.

"तो हे म्हणाला नाही."

"नाही म्हणाले. पण घ्या."

काकांनी चहा घेतला नाही. "बाजारात मला तिघांनी विचारलं. शमूभाऊंकडे लग्न आहे का? एक तर म्हणाला, बरं झालं, आता वाजंत्री बाहेरून आणायला नको. हे मी ऐकून आलोय. एस्तर, तू पेपरात आहेस, तुला कळतं. सांग तुझ्या बापाला."

मी म्हणाले, "काका, मला सगळं माहीत नाही."

"तुला माहीत असायचं कारणच नाही. तुला माहीत होऊ नये म्हणून तर आम्ही शिकलो."

दादांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि काकांपुढे धरलं. लहान मुलांची दगडी पाटी ते घरात वापरायचे. काकांनी चष्मा लावला. "शास्त्रात आहे," त्यांनी वाचलं आणि पाटी परत दिली. "हे त्या पोराचं शिकवणं. बोलावा त्यालाच."

पाळकसाहेब दहा मिनिटांत आले. आल्या आल्या हलगीजवळ गेले आणि कातड्यावर टिचकी मारली. टण्ण आवाज झाला. "वा! काका, हीच का उद्याची?"

बर्नबाकाकांनी डोळे मिटले. "पाळकसाहेब, तिला हात लावू नका."

"का? डफच आहे की हा. स्तोत्रांत स्पष्ट म्हटलंय, डफ वाजवून स्तवन करा. मिर्याम तर संदेष्ट्री होती."

"मिर्यामेचा डफ मला माहीत आहे. मी तो वर्गात शिकवलाय. त्या डफाचं कातडंही असंच असेल. पण तो कुणी वाजवायचा आणि वाजवताना कुठं उभं राहायचं, हे मिसर देशातल्या पाटलानं ठरवलं नव्हतं."

पाळकसाहेब हलगीपासून दूर सरकले. मग म्हणाले, "मी सोलापूरकडचा. आमचे आजोबा विणकर. मला या गोष्टीची..."

"माहीत नाही. म्हणून सांगतोय. उद्या पहाटे कबरस्तानात उपासना आहे. पलीकडून डांबरी रस्ता जातो, दूधवाले जातात. आमच्या बापाची कबर तिथं आहे. माणसानं सगळा जन्म एक गोष्ट आपल्या अंगावरून उतरवण्यात घालवला आणि त्याच्या उशाशी ती वाजवायची?"

"आपण यावर प्रार्थना करू या," पाळकसाहेब म्हणाले.

"करा. पण निर्णय टाळायला करू नका." काका उठले. दादांकडे वळले. आवाज चढला नव्हता. "शमू, उद्या ही वाजली तर मी तिथून निघेन. पुन्हा देवळात पाऊल टाकणार नाही. मी बोललेलं फिरवत नाही, तुला माहीत आहे."

दादांचे ओठ हळू हलले. या वेळी मलाही वाचता आलं.

"हे म्हणतात," आई म्हणाली, "ही वाजली नाही, तर मला यायला दुसरं काही नाही."

काका गेले. पाळकसाहेब थोडा वेळ उंबऱ्याजवळ उभे राहिले. "माझी चूक झाली का, काकू?" त्यांनी विचारलं.

"ते उद्या कळंल," आई म्हणाली. "चहा प्या. त्यांचा तसाच आहे."

जेवणं झाल्यावर मी दादांशेजारी बसले. ते मांडीवर बोटांनी हळूहळू काहीतरी वाजवत होते. डाव्या हाताची बोटं वेगळी, उजव्या हाताची वेगळी.

"दादा, तुम्ही हे शिकलात कधी?"

त्यांनी पाटी घेतली. "शिकलो नाही. पाहिलं."

"कुठं?"

"घोगरवाडीला. एकदा."

"एकदा पाहून येतं?"

त्यांनी पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. मग पाटी पुसून पालथी ठेवली. माझ्या धंद्यात याला उत्तर नाकारलं म्हणतात. मी पुढे विचारलं नाही.

पहाटेच्या उपासनेला आम्ही दरवर्षी कबरस्तानात जमतो. बायका आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, मग सगळे मधल्या मोकळ्या जागेत येतात आणि पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात. त्या दिवशीही तसंच. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे!" मंडळी म्हणाली, "खरोखर उठला आहे!" दादांचे ओठ हलले. ते चौदा महिन्यांनी मंडळीत उभे होते. आईने डोळ्यांना पदर लावला, मग कुणी बघू नये म्हणून नाक पुसलं.

काका पहिल्या रांगेत होते. आले होते, म्हणजे त्यांना अजून आशा होती.

तीन गाणी झाली. काकांचा खर्ज सगळ्यांच्या खालून येत होता. वाचन झालं. मग पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "आता," ते म्हणाले, "ज्याला आपल्या रीतीनं प्रभूला नमन करायचं असेल, त्यानं करावं. सक्ती नाही." शेवटचे दोन शब्द त्यांनी ऐनवेळी घातले असावेत.

काही जणांनी गुडघे टेकले. पाटोळेबाईंनी हात वर केले. तिसऱ्या रांगेतून दादा बाहेर आले.

कोपऱ्यात पालापाचोळ्याचा जाळ होता. तिथे ठेवलेली हलगी त्यांनी उचलली, ताणून यावी म्हणून जाळावर धरली, फिरवली, कातडं अंगठ्याने तपासलं, पुन्हा धरली. मंडळीला कळायला तेवढा वेळ पुरला. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं, ते भक्तीने म्हटलेलं नव्हतं. दादा आजोबांच्या कबरीपाशी आले, हलगी डाव्या खांद्याला अडकवली. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी.

सुरुवात वाईट झाली. काडी घसरली, टिपरू लाकडी कड्यावर बसलं. कीबोर्ड वाजवणाऱ्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. दादा थांबले. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा सुरू केलं.

या वेळी ठेका बसला. ज्याने हलगी जवळून ऐकली आहे त्याला सांगायला नको. ती कानाने ऐकायची वस्तूच नाही, ती आधी पोटात वाजते. कबरींवरच्या मेणबत्त्यांच्या ज्योती हलल्यासारख्या वाटल्या. कदाचित वारा असेल. दादांचे पाय हलायला लागले. आधी टाचा, मग गुडघे, मग ते पुढे दोन पावलं आणि मागे दोन पावलं जाऊ लागले, कमरेत वाकून, मान एका बाजूला टाकून. पासष्ट वर्षांचा माणूस. श्वास वाढला तसा गळ्यावरचा रुमाल आत ओढला जायचा, बाहेर उडायचा, आणि भोकातून शिटीसारखा बारीक आवाज यायचा. त्यांना तो आवाज ऐकू येत असणार. ते थांबले नाहीत.

भिंतीपलीकडे दूधवाल्यांच्या दोन मोटारसायकली थांबल्या. मग सायकलवाला एक. एकाने भिंतीवरून डोकं काढलं आणि ओरडून विचारलं, "वरात कुणाची हाय?" दुसऱ्याने शिटी घातली.

मी मान खाली घातली. बाजूला पाहिलं, तर सगळ्या माना खाली होत्या. जे गुडघ्यांवर होते ते तसेच जमिनीकडे बघत राहिले, पण आता ते नमन नव्हतं. पाटोळेबाईंचे हात खाली आले होते. एकटी आई दादांकडे बघत होती.

काका रांगेतून बाहेर पडले. सगळ्यांना वाटलं, निघाले. फाटक उजवीकडे होतं, ते डावीकडे वळले. दादांसमोर जाऊन उभे राहिले आणि उजव्या हाताचा तळवा कातड्यावर ठेवला.

आवाज तुटला. टिपरू वर उचललेलं तसंच राहिलं.

"पुरे," काका म्हणाले. मग मंडळीकडे वळले. हात कातड्यावरून काढला नाही. "तुम्हाला वाटत असेल, बर्नबा मास्तराला मोठेपणाची हौस. आज ऐका. आमच्या बापाला बाप्तिस्मा घेऊन वर्ष झालं होतं. घोगरवाडीच्या पाटलाच्या पोराचं लग्न निघालं. निरोप आला, वाजवायला ये. बाप म्हणाला, मी आता ते काम सोडलंय. तो रविवार होता, बाप उपासनेहून आला होता. मिशनच्या साहेबानं दिलेला कोट अंगात, पायात बूट. माणसं घरी आली. कोट काढू दिला नाही. म्हणाले, साहेबाच्या कोटातच वाजव. पायातले बूट काढायला लावले. गावातून बूट घालून जायचं नाही, हे ठाऊक होतं तुम्हाला? ते बूट माझ्या डोक्यावर ठेवले. मी अकरा वर्षांचा. वेशीपासून पाटलाच्या वाड्यापर्यंत बाप पुढं वाजवत आणि मी मागं, डोक्यावर बापाचे बूट घेऊन. लोक हसत होते. 'साहेब वाजवतोय' म्हणत होते."

त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग मान वर केली. "हे मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगावं लागलं. आणि हा माझा भाऊ. हा त्या दिवशी तिथंच होता, सहा वर्षांचा. याला काही आठवत नाही, म्हणून हा ही इथं घेऊन आलाय."

दादांनी मान हलवली. ओठ हलू लागले. काकांना ओठ वाचता येत नसत, त्यांनी कधी शिकून घेतलं नव्हतं. ते आईकडे बघायला लागले.

आई पुढे आली. तिने काही घातलं नाही, काही गाळलं नाही. एकेक वाक्य झालं की थांबायची, पुढचं बघायची आणि बोलायची.

"हे म्हणतात, मला आठवतंय.

"हे म्हणतात, मी बाबांच्या पुढं होतो. सगळं गाव आपल्या बापाच्या मागून येतंय, असं मला वाटलं. आपला बाप सगळ्यांत मोठा, असं वाटलं. बाबा वाजवत होते आणि मी नाचलो. वेशीपासून वाड्यापर्यंत नाचलो. लोक हसले, तसा आणखी नाचलो. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मला दिसलं, तरी मी नाचलो.

"हे म्हणतात, बाबा त्या लग्नाबद्दल कुणाला काही बोलले नाहीत. पण मला त्यांनी पुन्हा कधी मांडीवर घेतलं नाही. मी काय केलं, ते मला मोठेपणी कळलं."

आई थांबली. दादांनी तोंड पुसलं आणि पुन्हा ओठ हलवले.

"हे म्हणतात, मी देवळात गाऊ लागलो. गाणं म्हणताना पुस्तक धरून सरळ उभं राहायचं असतं. पाय हलवावे लागत नाहीत. तीस वर्षं मी सरळ उभा राहिलो. आता गाणं नाही. माझ्याजवळ देवाला द्यायला दुसरं काहीच नाही. त्या दिवशीचं नाचणं तेवढं आहे. ते मी बाबांच्या समोर त्याला देतोय. त्याला ठेवायचं तर ठेवू दे, नाहीतर टाकू दे."

भिंतीवरचा माणूस खाली उतरला होता. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर गेला.

काका दादांकडे बघत होते. "तू नाचला होतास?" त्यांनी विचारलं. अगदी हळू, वर्गात एखाद्या मुलाला विचारावं तसं. "मला दिसलं नाही, शमू. बूट पडू नयेत म्हणून मी खाली बघत होतो."

दादांनी मान हलवली.

काकांनी कातड्यावरचा हात काढला. तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळत नसावं. तो थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग शर्टाला पुसला गेला. ते वळले आणि फाटकातून बाहेर पडले. काकू पिशवी घेऊन त्यांच्यामागे धावत गेली.

आता दादा वाजवतील, असं मला वाटलं. त्यांनी वाजवलं नाही. हलगी खांद्यावरून उतरवली, आजोबांच्या कबरीला टेकून ठेवली आणि तिथेच मातीत बसले. पाळकसाहेबांनी शेवटचं गाणं सुरू केलं. ते कुणी उचललं नाही. पहिल्या ओळीनंतर त्यांनीही सोडून दिलं आणि आशीर्वाद न देता उपासना संपली. मंडळी घरी कशी गेली, मला आठवत नाही. कुणी कुणाशी बोलत नव्हतं आणि जो तो मागे राहायला बघत होता. आपल्या आधी दुसऱ्यांनी बाहेर पडावं, असं सगळ्यांना वाटत असावं.

मी पुण्याला परतले. नंतरचं मला फोनवर कळलं, मग सुट्ट्यांत येऊन मी पाहिलंही.

पुढच्या रविवारी दादा देवळात गेले, हलगी न घेता. पहिलं गाणं सुरू होण्याआधी काका आत आले. ज्यांनी पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणून सांगितलं होतं, ते. पंचांच्या खुर्चीत न बसता दादांच्या शेजारी येऊन उभे राहिले. गाणं सुरू झालं. काकांनी पुस्तक घेतलं, उघडलं नाही, आणि तोंडही उघडलं नाही.

ते तसंच चालू राहिलं. दोन वर्षं दोघे भाऊ एका बाकावर शेजारी उभे असत. एकाला गाता येत नव्हतं आणि दुसरा गात नव्हता. घरी येणंजाणं पूर्वीसारखं झालं, चहा झाला, भांडणं झाली. त्या पहाटेबद्दल दोघांनी एक शब्द काढला नाही. मग दादांची गाठ फुप्फुसात निघाली. त्यांच्या मातीच्या वेळी सगळी मंडळी गायली. काका कबरीच्या डोक्याशी उभे होते. ते गायले नाहीत.

पाळकसाहेबांची बदली झाली. त्यांच्यानंतर आलेल्यांनी गुडघे, हात, टाळ्या काहीच ठेवलं नाही. काका का गात नाहीत, याबद्दल मंडळीत दोन मतं आहेत. काही म्हणतात, राग आहे, भावानं सगळ्यांपुढं बोलायला लावलं त्याचा. काही म्हणतात, नवस आहे. आई म्हणते, "राग असता तर बसून राहिले असते. उभे राहतात ना?" काकू म्हणते, घरीही गुणगुणत नाहीत, आंघोळीच्या वेळीसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांना सरळ विचारलं. त्यांना आता चौऱ्याऐंशीवं चालू आहे. काठी घेऊन देवळात येतात.

"काका, तुम्ही गात का नाही?"

"पेपरवाली म्हणून विचारतेस की पुतणी म्हणून?"

"पुतणी म्हणून."

"मग तर सांगणारच नाही," ते म्हणाले. "पेपरवाली असतीस तर काहीतरी खोटं सांगितलं असतं."

परवाच्या रविवारी मी देवळात होते. पाच गाणी झाली. पाचही गाण्यांना काका काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. तोंड बंद होतं.